पायरीवर पेंढ्याच्या वहाणा

१

जोडे कसे ठेवायचे हे आजकाल कुणाला कळत नाही. पाहुणा येतो, बैठकीच्या दाराकडे तोंड करून दगडी पायरीवर चढतो, तिथंच जोडे काढतो आणि आत जातो. म्हणजे जोड्यांची टोकं दाराकडे राहतात. दार सरकून बंद झालं की आपण वाकायचं आणि एकेक जोड फिरवून टोकं अंगणाकडे करायची. जाताना पाहुणा खाली उतरला की पाय सरळ जोड्यात. त्याला वाकावं लागत नाही, वळावं लागत नाही. एवढंच काम. हानयांगमध्ये, म्हणजे राजधानीत, यूनांच्या घरी ते मी बारा वर्षांचा असल्यापासून करतोय. आता ब्याण्णवावं चालू आहे. एवढ्या वर्षांत एकदाच चुकलो, आणि तेही मुद्दाम.

मोठ्या लोकांची अक्षरं मला येत नाहीत. बायका लिहितात ती येतात, त्यांतच लिहितोय. ज्याला हसायचं त्यानं हसावं.

माझे धनी यून दोग्यम. घराणं जुनं, पणजोबा प्रधान होते, पण धन्यांपर्यंत येईतो नाव तेवढं मोठं राहिलं आणि भाताची वाटी लहान झाली. चोविसाव्या वर्षी त्यांना युवराजांबरोबर वाचायला बसण्याची नेमणूक मिळाली. भाऊबंद हसले. त्या युवराजाचे दिवस भरलेत असं सगळं शहर बोलायचं. निम्म्या दरबाराला तो नको होता. त्याच्या ताटातलं आधी कुत्र्याला घालत. धनी कुत्र्याच्याही आधी खायचे. माझी बायको सामवोल स्वयंपाकघरात असते, ती म्हणायची, कुत्र्याचा तरी मालक त्याला परत घरी नेतो. दोन वर्षं धनी युवराजांच्या उंबऱ्यावर आडवे झोपले. त्या दिवसांत आमच्या पायरीवर चार जोड असायचे, त्यातले दोन फाटके.

मग म्हातारे राजे गेले आणि युवराज गादीवर बसले. तिसऱ्या दिवशी धनी महाराजांचे मुख्य चिटणीस झाले, दहाव्या दिवशी राजवाड्याच्या पहाऱ्याचे सरदार. हे मला कुणी येऊन सांगितलं नाही, पायरीनं सांगितलं. अमावास्येपर्यंत चाळीस जोड झाले. हरणाच्या कातड्याचे, रेशमी पाठीचे, टोकाला निळी वेल काढलेले. पायरी पुरेना म्हणून सुताराकडून दोन फळ्या ठोकून घेतल्या. सो नावाच्या एका मंत्र्याच्या माणसानं पूर्वी मला भर रस्त्यात चाबूक मारला होता. तो मंत्री आता एका पायावर उभा राहून जोडा काढता काढता मला विचारतो, "माक्सेबाबा, धन्यांची झोप झाली का नीट?"

मी म्हटलं धन्यांची झाली, माझे गुडघे तेवढे जागे होते. तो हसला. त्याला हसावंच लागलं. त्या दुपारी पाऊस आला तेव्हा मी एकोणचाळीस जोड वळचणीखाली घेतले.

२

माझी मुलगी बुन्ई. आमच्यासारखा माणूस म्हणजे एक कागद असतो. शेताच्या कागदांबरोबर तो धन्याच्या पेटीत असतो, आणि पेटी ज्याची त्याचे आपण. माझ्या बापाचा कागद त्याच पेटीत होता, माझा तिथंच, बुन्ई जन्मली त्याच दिवशी तिचाही झाला.

युवराजांच्या त्या वाईट दिवसांत एकदा ओढ्याच्या पुलापाशी धन्यांवर चौघांनी दांडकी चालवली. ओढा गोठला होता. मी धन्यांना पाठीवर घेऊन बर्फावरून पळालो. त्यांचं रक्त माझ्या मानेवरून छातीवर उतरत होतं, कढत. घरी आल्यावर म्हणाले, माग काहीतरी. मी बुन्ईचा कागद मागितला. ते म्हणाले देतो, पण आज दिला तर टिकणार नाही, भाऊबंद भांडून परत घेतील. डाव्या प्रधानाची, म्हणजे मुख्य प्रधानाच्या खालोखालची, मोहोर हाती येईल त्या दिवशी चारचौघांत जाळीन. प्रधानानं जाळलेला कागद कुणी परत मागत नाही.

हे भाऊबंद म्हणजे मुख्यतः यून इन्बो, धन्यांचे थोरले चुलतभाऊ. धन्यांना मूल नव्हतं. धनी गेले तर इन्बोंचा मुलगा दत्तक बसणार आणि पेटी त्यांच्याकडे जाणार. त्यांनी उत्तरेच्या सुभेदाराला एक नजराणा आधीच ठरवून ठेवला होता. एक घोडा, रेशमाचे दोन तागे, आणि शिवणकाम येणारी एक मुलगी. शिवणकाम बुन्ईला येत होतं. सतरा वर्षांची होती.

महाराजांच्या राज्याच्या चौथ्या वर्षी नवव्या महिन्यात धन्यांना डावा प्रधान करण्याचा हुकूम निघाला. पाच दिवसांनी मोहोर. धन्यांचं वय तेहतीस. एवढ्या कमी वयात त्या जागेवर कुणी बसलं नव्हतं. मी सामवोलला म्हटलं, जिंकलो. त्याच दुपारी धन्यांना ताप भरला.

दुसऱ्या दिवशी वैद्य आणि भेटायला आलेले लोक बैठकीत बसले होते. मी जोडे फिरवत पायरीच्या टोकापर्यंत आलो, तर तिथं पेंढ्याच्या वहाणांचे तीन जोड. कोऱ्या वहाणा, तळाला मातीचा कण नाही. पेंढ्याच्या वहाणा घालणारा माणूस आमच्या बैठकीची पायरी चढत नाही, तो मागच्या दारानं येतो. मी त्या उचलणार होतो, तेवढ्यात टाचेकडची गाठ दिसली.

ती गाठ माझी होती.

घरात कुणी गेलं की आम्ही दाराबाहेर तीन वाट्या भात आणि पेंढ्याच्या वहाणांचे तीन जोड ठेवतो. मेलेल्याला न्यायला तिघं येतात, त्यांना लांब चालायचं असतं. मग वहाणा जाळतो. धन्यांचे वडील अकरा वर्षांपूर्वी गेले तेव्हा त्या वहाणा मीच वळल्या होत्या. माझ्या डाव्या करंगळीवर लहानपणी जातं पडलं, ती वाकडी बसली, म्हणून माझी गाठ उलटी पडते. दुसऱ्या कुणाची तशी पडत नाही. त्या वहाणा मी स्वतःच्या हातानं जाळल्या होत्या. काठीनं राख ढवळली होती.

३

मी येडा नाही. आधी हाच विचार केला की कुणीतरी चेष्टा करतंय. गाठ काय, बघून उलटीही मारता येते. इन्बोंचा एखादा माणूस घर घाबरवायला हे करणार नाही असं नाही. मी एक वहाण उचलून नाकाला लावली. ताज्या पेंढ्याचा वास होता. पण काडी बारीक होती, मोडकी. अकरा वर्षांपूर्वी पाऊस पडला नव्हता, त्या साली पेंढा असा बारीक निघाला होता. त्यानंतर नाही. मी ती परत जिथं होती तिथं ठेवली.

मग चहाचं तबक घेऊन स्वतः आत गेलो. पायरीवर चौदा जोड, तर आत माणसं किती ते बघायला. अकरा होती. धनी भिंतीकडच्या गादीवर, डोळे मिटलेले, ओठ सालपटलेले. खालच्या अंगाला, दाराजवळ, जिथं जमीन गार असते आणि मानाचा माणूस कधी बसत नाही, तिथं तीन उश्या मांडलेल्या. बसायच्या उश्या मांडणं माझं काम. त्या मी मांडल्या नव्हत्या.

तिन्ही रिकाम्या होत्या. पण मधोमध खळगा होता, माणूस उठून गेल्यावर राहतो तसा. कापसाची उशी हळूहळू परत फुगते. मी चहा वाटत थांबलो. अकरा पेले भरले. एकाही उशीचा खळगा वर आला नाही.

आणखी एक दिसलं. खोली मोठी आहे, तरी अकरा माणसं एकमेकांना खेटून बसली होती, गुडघ्याला गुडघा लावून. तिकडची जागा त्यांनी सोडली होती, आणि आपण सोडली आहे हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. वैद्य म्हणाले, माक्से, दार लाव, वारा येतोय. दार लावलेलंच होतं.

पाहुणे निघाले. मी मोजले. अकरा जणांनी अकरा जोडांत पाय घातले. टोकाकडे कुणी बघितलं नाही. वैद्यांनी मला अंगणात बाजूला घेऊन हळू सांगितलं की आजची संध्याकाळ, फार तर उद्याची. पांढरं कापड काढून ठेवा. इन्बो जोडे घालायच्या आधी आतल्या खोलीत पेटीची किल्ली कुठं असते ते विचारून आले होते. जाताना स्वयंपाकघराच्या दारात थांबून सामवोललाही विचारलं, मुलीकडे कापूस भरलेले कपडे आहेत ना, उत्तरेला थंडी फार.

४

सामवोल मागच्या अंगणात रांजणांपाशी रडत नव्हती. ती रांजण पुसत होती. आमच्याकडे सोयाचं आंबवण, मीठ, मिरची सगळं त्या रांजणांत असतं. ती पुसते म्हणजे तिला कुणाचा तरी गळा दाबायचा असतो. मी वहाणांचं सांगितलं. ती म्हणाली आण इकडे, चुलीत घालते.

"एकदा जाळल्यात," मी म्हटलं. "परत आल्या."

तिनं हातातलं फडकं पिळून खांद्यावर टाकलं. 

यूनांच्या घरची एक रीत आहे. पाहुण्याचा जोडा हरवला तर पाहुणा जात नाही. अनवाणी बाहेर पडणं ही पाहुण्याची बेअब्रू आणि घराचीही. त्याला परत आत बसवतात, दारू देतात, आणि जोडा सापडेपर्यंत तो बसून राहतो. जोडे सांभाळणाऱ्याला फटके पडतात, ते वेगळं. मी तिला म्हटलं, ते दारानं आलेत, पायरीवर वहाणा काढल्यात, खालच्या अंगाला बसलेत. रीत पाळणारे लोक आहेत.

"आणि नसले तर?"

"तर आपण काय करणार आहोत म्हाताऱ्ये, तू सांग."

तिनं एक रिकामा रांजण पुढं ढकलला. मी तिन्ही जोड त्यात टाकले, झाकण ठेवलं, वर पाटा ठेवला. हात स्वच्छ धुतले. पायरीपाशी येऊन उभा राहिलो.

पाहुण्याला निघायचं असलं की तो आतून घसा साफ करतो. आपल्याला कळावं म्हणून. सूर्य भिंतीच्या खाली गेला तेव्हा आतून खाकरण्याचा आवाज आला. धन्यांचा नव्हे, त्यांना श्वासच जेमतेम येत होता. कोरडा आवाज, पेंढ्यावर पेंढा घासावा तसा. एक. मग दुसरा. मग तिसरा, थोडा म्हातारा.

दार वीतभर सरकलं. पाहुण्याच्या तोंडाकडे मी कधी बघत नाही, ती सवयच नाही, मान खालीच. पायरीवर कुणी उतरलं नाही. पण पायरीकडे कुणीतरी बघत होतं. फळ्यांवरून नजर टोकापर्यंत गेली आणि परत आली, हे मला टाळूवर कळत होतं. तिथं माझे केस नाहीत, आणि तिथं थंडी फिरत होती.

कुठल्याही पाहुण्याला म्हटलं असतं तेच म्हटलं. "माफी असावी. जोडे सापडत नाहीत. आत बसावं, मी शोधतो."

 मग दार लागलं. हळू, दोन्ही हातांनी लावावं तसं, चांगल्या घरची माणसं लावतात तसं.

५

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत तेच. तिसऱ्या दिवशीही. मी तेच वाक्य म्हणायचो आणि दार लागायचं. चौथ्या पहाटे धन्यांनी हाक मारून लापशी मागितली. वैद्य आले, त्यांनी नाडी धरली, सोडली, दुसऱ्या हाताची धरली.  माझ्याकडे बघितलं आणि स्वतःचे जोडे स्वतःच उचलून हातात घेऊन गेले. इन्बो दोन्ही दिवस पांढरा पट्टा बाहीत घालून येत होते, त्या दिवशी त्यांनी तो खोकल्याचं निमित्त करून तोंडाला लावला.

मोहोर आणायला धनी राजवाड्यात गेले तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही, म्हणजे विसरणारच नाही. ललकारी देणारे आठ जण पुढे. रस्ता दोन्ही बाजूंनी वाकलेला. व्याघ्रचर्म टाकलेली एकचाकी पालखी, वर धनी, लाल अंगरख्यात, काल मरायला टेकलेला माणूस म्हणून कुणाला सांगता आलं नसतं. मी पालखीच्या उजव्या बाजूनं त्यांचे बदलायचे जोडे छातीशी धरून चाललो होतो. सो मंत्री चिखलात गुडघे टेकून होता. मी त्याच्या अंगावरून नव्हे, पण अगदी शेजारून गेलो.

परत आल्यावर धन्यांनी अंगणात शेगडी मागवली. पेटी उघडली, कागद काढला, साठ माणसांपुढं मोठ्यानं वाचला आणि जाळला. कागद एका बाजूनं काळा होत वाकला आणि संपला. बुन्ई राखेपुढं वाकून बसली. इन्बोंनी सर्वांच्या आधी शाबासकी दिली. त्यांना द्यावी लागली. त्या दिवशी मी दारू प्यालो, नाचलो, पडलो, परत नाचलो. माझ्या घराण्यात कागदाबाहेर पडलेलं पहिलं माणूस माझी मुलगी होती.

लोक पांगल्यावर धन्यांनी मला आत बोलावलं. गादीवर बसले होते. खालच्या अंगाकडे न बघता म्हणाले, "माक्से, माझ्याकडे तिघं बसलेत."

"होय धनी."

"रोज संध्याकाळी निरोप मागतात. म्हणतात जोडे नाहीत." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "सापडले का?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा, सरळ. "नाही धनी."

"घाई करू नकोस," ते म्हणाले.

६

पुढची नऊ वर्षं. काय सांगू. डाव्या प्रधानाचे मुख्य प्रधान झाले. दासीपुत्रांना, धाकट्या बायकांच्या मुलांना सरकारी नोकरीची दारं उघडली. दुष्काळात कोठारं महाराजांना न विचारता फोडली आणि नंतर महाराजांकडून त्याबद्दल रेशीम घेतलं. जो विरोध करील त्याला धनी घरी बोलवायचे. मला सांगायचे, यांना खालच्या अंगाला बसव, तिथं जागा आहे.

सो मंत्री असाच एकदा बसला. आत गेला तेव्हा लाल होता, हातात तक्रारीचा लांब कागद. तासाभरानं बाहेर आला तो राखेसारखा. पायरीवर उभा राहिला आणि स्वतःचा जोड त्याला ओळखता येईना. टोकाजवळ ठेवला होता मी, तरी. मी हातानं पायात घालून दिला. त्याचा पाय बर्फासारखा होता. त्यानं दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली आणि गावी जाऊन मधमाश्या पाळल्या. असे सात जण तरी मी मोजले. आमच्या धन्यांची बुद्धी अशी होती, आलेल्या पाहुण्याचाही उपयोग करून घ्यायची.

घरात इतर थोड्या गोष्टी होत्या, त्यांना मी महत्त्व देत नाही. सामवोलनं कोंबडी कापली की ती दुपारपर्यंत अंगणात हिंडायची. आम्ही मांस बाजारातून आणायला लागलो. सामवोलची मावशी तेव्हा नव्वदीला टेकली होती, अंथरुणावर नुसती हाडं, रोज सकाळी डोळे उघडायची आणि मी अजून आहे का असं विचारून रडायची. म्हातारपण म्हटलं की असं होतंच. बैठकीची जमीन कितीही लाकडं घातली तरी दाराजवळ गार. तीही पहिल्यापासून गारच होती.

बुन्ईचं लग्न पश्चिम दरवाज्याबाहेरच्या एका कागद बनवणाऱ्याशी करून दिलं. त्याच दिवशी तिला बजावलं, या घराच्या फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. आईला भेटायचं तर आई येईल. ती रुसली. तिला वाटलं मोकळी झाली म्हणून मला लाज वाटते तिची. वाटू दे म्हटलं. तिला दोन मुलगे झाले.

७

महाराज धन्यांना भ्यायला लागले होते. स्वाभाविक आहे. लहानपणी जो उंबऱ्यावर आडवा झोपतो तो मोठेपणी उंबरा अडवतोय असं वाटतं. इन्बोंनी अर्ज लिहिला, राजद्रोह म्हणून. आणि दहाव्या महिन्यात एका स्वच्छ सकाळी महाराजांचा अधिकारी विषाची वाटी घेऊन फाटकात उभा राहिला.

राजद्रोही म्हणून मेलेल्या माणसाचं सगळं रद्द होतं. त्यानं दिलेलं, त्यानं जाळलेलं. बुन्ईच्या नावाचा कागद नवा लिहिला गेला असता, आणि तिच्या दोन मुलांचेही दोन. इन्बोंनी यादीत तिन्ही नावं आधीच घातली होती, हे मला अधिकाऱ्याच्या कारकुनानं सांगितलं. दारू पाजून काढून घेतलं म्हणा.

अंगणात चटई घातली. दोषी माणसाची टोपी काढतात, मोजे काढतात. धन्यांनी स्वतः काढले. हुकूम वाचला गेला. धन्यांनी उत्तरेकडे, म्हणजे राजवाड्याकडे, चारदा नमस्कार घातला. आमची बैठक अंगणाच्या उत्तरेला आहे, दार उघडं होतं. मी त्यांच्या मागं, फाटकाकडे उभा होतो. सामवोल माझ्या बाजूला.

पहिली वाटी प्याले. अधिकारी थांबला. काही झालं नाही. दुसरी दिली. धन्यांचे ओठ काळे पडले, पोट धरून वाकले, परत सरळ बसले. तिसरी दिली. तोंडातून फेस आला, तो त्यांनी बाहीनं पुसला. अधिकाऱ्याकडे तीनच वाट्यांचा काढा होता. चौथीसाठी माणूस पिटाळला. फाटकाबाहेर लोक जमले होते, भिंतीवर पोरं चढली होती. पाचव्या वाटीनंतर धन्यांच्या घशातून जो आवाज यायला लागला तो माणसाचा मला वाटला नाही. सामवोलनं माझी बाही घट्ट धरली. ती म्हणाली, दे त्यांना वहाणा. बघ ना जरा त्यांच्याकडे. मी तिचा हात सोडवला.

धन्यांनी मान वळवली. त्यांचे डोळे लाल होते.

"माक्से," ते म्हणाले. "जोडे?"

बुन्ईचा धाकटा तेव्हा तीन वर्षांचा होता.

"सापडत नाहीत, धनी," मी म्हटलं.

धनी हसले. हसलेच ते. लोक काहीही सांगतात, पण मी तिथं होतो.

मग ते परत उत्तरेला वळले आणि पाचव्यांदा वाकले, कपाळ चटईला टेकेपर्यंत. तेव्हा मला त्यांचे तळवे दिसले. माणूस चालतो तसे तळव्यांना घट्टे पडतात, रेषा पडतात, टाचेला भेगा पडतात, प्रधान असला तरी. धन्यांच्या तळव्यांवर काहीही नव्हतं. पांढरे, गुळगुळीत, कालच जन्मलेल्या पोराचे असावेत तसे. त्याहूनही कोरे, पोराला रेषा तरी असतात. मी नजर वर केली. उघड्या दारातून बैठक आतपर्यंत दिसत होती. महाराजांचा हुकूम वाचला जातो तिथं जो हजर असतो त्यानं वाकायचं असतं. खालच्या अंगाला, अंधारात, आमच्याकडे पाठ करून कुणी वाकलेलं होतं. अंग मला दिसलं नाही. तळवे दिसले. सहा.

मी मान खाली घातली. पाहुण्यांकडे बघायची सवय नाही मला.

अधिकाऱ्यानं सहावी वाटी हातात घेतली आणि ती त्याच्या हातून पडली. तो गुडघ्यावर बसला आणि रडायला लागला, चाळिशीचा माणूस. दुपारी राजवाड्यातून उत्तर आलं की आकाशाची मर्जी नाही, हुकूम मागं घेतला आहे. संध्याकाळी मोहोर परत आली, पिवळ्या रेशमात. इन्बोंना त्याच आठवड्यात उत्तरेला पाठवलं. कपडे कापसाचे नेलेत ना, असं सामवोलनं त्यांना फाटकात विचारलं. यादी फाडली गेली. लोक तीन दिवस रस्त्यात ढोल वाजवत होते. कुठल्याही राज्यात कुठल्याही माणसाला असा विजय मिळाला नसेल, आणि त्या माणसाचे जोडे मी फिरवत होतो.

८

ते महाराज गेले. त्यांच्यानंतरचेही गेले. धन्यांची मोहोर तिसऱ्या महाराजांनी कायम ठेवली. धनी आता बैठकीतून बाहेर पडत नाहीत, बोलतही नाहीत फारसं, पण कागद आत जातात आणि शिक्का होऊन बाहेर येतात. केस काळेच आहेत. सामवोल रोज मला शिव्या देते, तिचा आवाज पहिल्यासारखाच आहे. मावशीही आहे. संध्याकाळी खाकरण्याचे आवाज येतात, मी माझं वाक्य म्हणतो. पूर्वी तीन यायचे. आता चार येतात. चौथ्याला मी जरा जास्त वाकून सांगतो, धनी आहेत ते.

बुन्ईचा धाकटा परीक्षेला बसला. पास झाला. कागद बनवणाऱ्याचा मुलगा, सरकारी परीक्षेत. त्याच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा मी गर्दीत उभा राहून इतका ओरडलो की शिपायानं मला दंडाला धरून बाजूला केलं. धरू दे.

या नव्या वर्षाला बुन्ईकडे गेलो होतो. ती आता पंचावन्न वर्षांची आहे, हट्टी, आईवर गेली आहे. म्हणाली, आबा, इतकं बर्फ तुडवून आलात, पाय धुते. मी नको म्हटलं. एकोणतीस वर्षं मी मोजे कुणापुढं काढलेले नाहीत, स्वतःपुढंही नाही, झोपतोही घालून. तिनं ऐकलं नाही. गरम पाण्याचं घंगाळ आणलं, माझा पाय मांडीवर घेतला आणि मोजा ओढून काढला. मग तिचे हात थांबले. मी छताकडे बघत होतो. थोड्या वेळानं तिनं पाणी घेतलं आणि धुवायला लागली, आधीपेक्षा हळू.

ती म्हणाली, "आबा, किती मऊ झालेत तुमचे पाय."

तिनं पाय पुसले, नवे मोजे घातले, तिनंच शिवलेले. पाणी टाकायला उठली तेव्हा अंगणातल्या बर्फापाशी तिनं स्वतःचे जोडे एकेक करून पायातून काढून झटकले. आधी एक पाय उंबऱ्यावर उचलला, मग दुसरा, मोजे टाचेकडे विरलेले. टाचा मला सरळ दिसल्या. त्यांना भेगा आहेत. खोल, काळ्या, रक्त येईल अशा. मी त्या नीट बघून घेतल्या. दोन्ही पायांच्या.